वणव्यानंतरचं जंगल कॅमेऱ्यात कसं टिपायचं? ब्लू माउंटन्समधून सविस्तर मार्गदर्शन

जळालेल्या जंगलाचे शंभर फोटो शेजारी-शेजारी ठेवले तर त्यातले नव्वद एकाच ठिकाणचे वाटतात. काळी खोडं, राखाडी जमीन आणि वर पांढरंफटक आभाळ. फोटो कुठला, आग लागून किती दिवस झाले, पुढे त्या झाडांचं काय झालं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. दोष कॅमेऱ्याचा नसतो. फोटो काढणाऱ्याने जंगल 'मेलं' असं आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे त्याला दुसरं काही दिसत नाही. ऑस्ट्रेलियातलं युकॅलिप्टसचं जंगल जळाल्यावर एका ठरावीक क्रमाने परत येतं. तो क्रम ओळखता आला की कॅमेरा कुठे रोखायचा हे आपोआप सुचतं. म्हणून या लेखात लेन्स आणि सेटिंगइतकंच जंगल वाचण्याबद्दलही लिहिलं आहे.

उदाहरण सिडनीच्या पश्चिमेकडच्या ब्लू माउंटन्सचं घेतो. २६ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथल्या वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात वीज पडून गॉस्पर्स माउंटनची आग लागली आणि तिने पाच लाख हेक्टरांहून जास्त जंगल खाल्लं. त्या उन्हाळ्यात ग्रेटर ब्लू माउंटन्स या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग वेगवेगळ्या आगींनी जळाला. देशभरात ३३ माणसं गेली, तीन हजारांहून जास्त घरं गेली. शेवटी फेब्रुवारी २०२० मधल्या मुसळधार पावसाने आगी विझल्या. सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो धुराने नारिंगी झालेला डिसेंबर स्वतः अनुभवला आहे. सह्याद्रीतला वणवा पाहिलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे बहुतेक वेळा सुकं गवत आणि पाचोळा जळत जातो. इथे झाडांच्या पानांत तेल असतं, आणि वाऱ्याच्या दिवशी आग खोडावरून थेट शेंड्यात चढते.

आधी परवानगी आणि जिवाची काळजी

उद्यान बंद असेल तर विषय संपला. न्यू साउथ वेल्समध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर कोणती पायवाट, कोणता लुकआउट (दरी बघायची ठरलेली जागा) बंद आहे याची यादी रोज बदलते. निघायच्या दिवशी सकाळी ती बघा, आदल्या आठवड्यात बघितलेली धरून चालू नका. जवळपास कुठे नवी आग आहे का हे 'हॅझर्ड्स निअर मी' या ॲपवर कळतं, व्हिक्टोरियात त्यासाठी 'विक-इमर्जन्सी' आहे. मोठ्या वणव्यानंतर काही वाटा महिनोन् महिने बंद राहतात. दोरी ओलांडून आत शिरलेल्या एका फोटोग्राफरला शोधायला स्वयंसेवकांची अख्खी तुकडी लागते, आणि ते स्वयंसेवक आधीच थकलेले असतात.

वाट उघडल्यावरही तीन धोके उरतात. पहिला डोक्यावरचा. बुंध्याशी पोखरून जळालेलं झाड वरून धडधाकट दिसतं आणि वारा नसतानाही कोसळतं. फांद्या तर येतातच. त्यामुळे झाडाखाली ट्रायपॉड लावायच्या आधी त्या झाडाभोवती एक चक्कर मारा आणि बुंध्यात पोकळी आहे का, वर अडकलेली मोडकी फांदी आहे का ते बघा. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी जाऊच नका. पावसानंतरचे एक-दोन दिवसही जपून राहायचे, कारण जमीन भिजली की मुळं सुटतात.

दुसरा धोका पायाखालचा. झाडाचं खोड जळून गेलं तरी मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहतात. वरून राखेचा सपाट थर दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो, खाली निखारे असतात. ट्रायपॉडचा एक पाय लांब करून पुढची जमीन ठोकत चला. घोट्याच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे बूट, जाड सुती पँट आणि लोकरीचे मोजे घाला. नायलॉनचे कपडे टाळा, ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतात. विझलेल्या भागातून धूर निघताना दिसला तर ००० या इथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

तिसरा धोका श्वासाचा. कोरडी राख पावलागणिक उडते, म्हणून पी-२ किंवा एन-९५ मास्क लावा. जळालेल्या घरांच्या, शेडच्या अवशेषांपासून लांब राहा. इथल्या जुन्या बांधकामांत ॲस्बेस्टॉस असतो आणि तो राखेत मिसळलेला असतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो. न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांत आधी मंजुरी घेतल्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि आग विझवायचं काम चालू असेल तिथे तर तो पिशवीतूनही काढू नये. हवेत अनोळखी ड्रोन दिसला की पाणी टाकणारी हेलिकॉप्टर खाली उतरवावी लागतात. स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी किंवा जाहिरातीसाठी काढायचे असतील तर आधी विचारा.

बूट आणि ट्रायपॉडचे पाय आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर घासून स्वच्छ करा, वर ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा. फायटॉफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग मातीच्या एका ढेकळातून पसरतो, आणि नुकती जळालेली झाडं तो सोसू शकत नाहीत. बरेच फोटोग्राफर हे टाळतात. कृपा करून टाळू नका.

पहिला अर्धा तास कॅमेरा बंद ठेवा

पोचल्यावर लगेच क्लिक करायला सुरुवात करू नका. आधी आग इथून कशी गेली ते वाचा, सगळ्या खुणा समोरच असतात.

शेंड्यांकडे बघा. पानं तपकिरी होऊन झाडावरच लटकत असतील तर ती ज्वाळेने जळालेली नाहीत, खालून आलेल्या उष्णतेने करपली आहेत. काही आठवड्यांत ती गळतात आणि काळ्या जमिनीवर तांबूस गालिचा पसरतो. पानंच नसतील, बारीक काटक्याही गेल्या असतील, तर आग शेंड्यातून गेली. दोन्ही प्रकार एकाच उतारावर शंभर पावलांच्या अंतराने सापडतात आणि त्यांच्यामधली सीमा हा उत्तम विषय असतो. आग चढावर वेगाने जाते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा इथल्या अग्निशमन दलांचा ठोकताळा आहे. म्हणून डोंगराच्या धारा काळ्याठिक्कर आणि घळीत मात्र हिरवा पट्टा शाबूत, असं दृश्य वारंवार दिसतं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेले उतार जास्त कोरडे असतात आणि सहसा जास्त जळतात. भारतातून आलेल्यांनी इथे दिशांचा अंदाज उलटा धरायला शिकावं, प्रकाश ठरवतानाही याचा उपयोग होतो.

आता एक खोड जवळून बघा. काजळीची उंची सगळीकडून सारखी नसते. आग ज्या बाजूने आली त्या बाजूला ती कमी असते आणि विरुद्ध बाजूला खूप वर चढलेली असते, कारण ज्वाळा खोडाला वळसा घालून मागच्या बाजूला वर खेचल्या जातात. एका ओळीतल्या दहा झाडांवर ही तिरकी रेघ एकाच दिशेला दिसली की आग कुठून कुठे गेली ते फोटोत दाखवता येतं. काही झुडपांची पानं वाऱ्याच्या दिशेला वळलेल्या अवस्थेतच वाळून ताठ झालेली असतात. तो वारा केव्हाच गेलेला असतो, त्याची दिशा पानांत राहते.

जमिनीवर सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अल्पायुषी खूण असते. पडलेला ओंडका पूर्ण जळून गेला की त्याच्या जागी काळ्या जमिनीवर त्याच लांबी-रुंदीची पांढरी राख उरते. फांद्यांसकट सगळं झाड पांढऱ्या रेघांनी काढल्यासारखं दिसतं. त्या राखेखालची माती भाजून विटकरी झालेली असते. पहिला जोराचा वारा किंवा पाऊस आला की हे पुसलं जातं. म्हणून वाट लवकर उघडली असेल तर सगळ्यात आधी ही चित्रं टिपा, उंच खोडं कुठे पळून जात नाहीत.

आगीनंतर कधी, काय दिसतं

पहिल्या काही दिवसांत राखेची चित्रं आणि उघडं पडलेलं भूरूप हाच विषय असतो. खालची झुडपं गेल्यामुळे एरवी झाकलेले वाळूच्या खडकांचे थर, कपारी, ओढ्यांची वळणं स्पष्ट दिसू लागतात. डोंगराचा असा सांगाडा पुन्हा कित्येक वर्षं दिसणार नसतो. किडे मात्र लगेच हजर होतात. मेरिम्ना नावाचा भुंगेरा आगीची उष्णता ओळखून ताज्या जळक्या खोडात अंडी घालायला येतो. मॅक्रो लेन्स असेल तर गरम खोडांच्या सालीवर त्याला शोधा.

तीन ते सहा आठवड्यांत पहिला हिरवा रंग येतो, पाऊस झाला असेल तर लवकर. नेच्यांच्या काळ्या बुंध्यातून पोपटी वेटोळी उलगडू लागतात. ग्रास-ट्री या गवतासारख्या पानांच्या झाडाच्या जळक्या बुंध्यावर हिरवा झुबका उगवतो. आणि युकॅलिप्टसच्या खोडावर खालपासून वरपर्यंत लव फुटल्यासारखे धुमारे येतात. सालीच्या आत खोल झोपलेले डोळे शेंडा जळाला की जागे होतात. महाराष्ट्रात बांधावरची निलगिरी तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ती झाडं मूळची इथलीच आणि ती सवय आगीच्या देशातली आहे. कोवळी पानं बऱ्याचदा तांबडी असतात. सूर्य त्यांच्या मागे ठेवून फोटो काढलात तर काळ्या खोडावर ती पेटल्यासारखी दिसतात. या लेखातला एकच फोटो काढायचा झाला तर मी हा काढीन.

याच सुमाराला बँक्सिया या इथल्या झाडाच्या लाकडी बोंडांकडे बघा. आगीच्या उष्णतेने त्यांचे कप्पे उघडतात, ओठ विलगल्यासारखे, आणि आतल्या पंखवाल्या बिया राखेत पडतात. म्हातारी सेराटा जातीची बँक्सिया स्वतःही पुन्हा फुटते. एरिसिफोलिया जातीची मरते आणि तिचा सगळा भरवसा बियांवर असतो. एकाच फ्रेममध्ये फुटलेली एक आणि मेलेली एक आली तर फोटोला खोली येते, अर्थात फोटोखालच्या ओळीत तसं लिहायला हवं.

सहा महिन्यांनी गुळगुळीत सालीच्या गम (युकॅलिप्टस) झाडांची काळी साल सोलून पडू लागते आणि आतलं पिवळसर, केशरी अंग दिसतं. सूर्य तिरका असताना हे रंग फार खुलतात. ग्रास-ट्रीचे माणसापेक्षा उंच फुलदांडे याच सुमाराला येतात, मधमाश्या आणि पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात.

वर्षभराने फुलांचा हंगाम. धुरातली काही रसायनं बियांना उगवण्याची सूचना देतात. गुलाबी फ्लॅनेल फूल ब्लू माउंटन्समध्ये एरवी क्वचित दिसतं, पण २०२१ च्या सुरुवातीला, आग आणि पाठोपाठचा चांगला पाऊस यांच्यामुळे, कटूम्बाजवळच्या नॅरो नेकसारख्या पठारांवर त्याचे ताटवे फुलले. लाल वाराता हे न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल. ते जमिनीखालच्या गाठीतून पुन्हा फुटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात भरभरून फुलतं. म्हणजे ज्याने पहिल्या महिन्यात फोटो काढून विषय संपवला, त्याच्याकडे गोष्टीची फक्त सुरुवात असते.

सगळी जंगलं मात्र अशी परत येत नाहीत. व्हिक्टोरियातल्या मेरीसव्हिल, किंगलेकच्या आसपासचे माउंटन ॲश हे प्रचंड उंच वृक्ष तीव्र आगीत मरतात आणि फक्त बियांतून येतात. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'च्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली आणि मैलोन् मैल ॲश उभे जळाले. साल गळून गेल्यावर त्या मेलेल्या खोडांचा रंग चांदीसारखा झाला आणि खाली नव्या रोपांची दाट भिंत उभी राहिली. त्या रोपांना बी धरायला सुमारे वीस वर्षं लागतात. त्याआधी पुन्हा आग आली तर ते जंगल संपतं. तिथे काढलेला फोटो ब्लू माउंटन्सच्या फोटोसारखा दिसला तरी तो वेगळं सांगतो. झाडाची जात ओळखल्याशिवाय 'निसर्ग पुन्हा बहरला' असं लिहू नका.

सामान आणि राखेपासून बचाव

२४-७० मि.मी. झूम बॉडीवर लावून ठेवा आणि जंगलात लेन्स बदलूच नका. काजळीचा कण सेन्सरवर गेला की प्रत्येक आभाळात डाग येतो. दोन बॉडी असतील तर दुसरीवर ७०-२०० लावा. समोरच्या उतारावरची खोडं जवळ ओढून त्यांची जाळी दाखवायला ती लागतेच, शिवाय वाटेवरूनच दूरचं टिपता येतं. पायवाट सोडू नका. राखेवर एक पातळ कवच तयार होतं आणि त्याखाली रोपं उगवत असतात, तुमचा एक पाय त्यातली कितीतरी चिरडतो.

पोलरायझर, म्हणजे लेन्ससमोर लावायचा चकाकी घालवणारा फिल्टर, न्याच. कोळसा वाटतो तसा काळा नसतो, त्याला चकाकी असते आणि उन्हात तो निळसर राखाडी दिसतो. पोलरायझर फिरवत व्ह्यूफाइंडरमधून बघा. एका ठिकाणी चकाकी जाते, काळा गडद होतो आणि हिरवं खुलतं. उलट, पावसाने भिजलेल्या खोडावर थोडी चकाकी राहू दिली तर सालीच्या भेगा उठून दिसतात. प्रत्येक वेळी फिरवून ठरवा.

लेन्सवर राख बसली तर कापडाने पुसू नका, ती खरखरीत असते आणि काचेवरच्या लेपावर चरे उठवते. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्सच्या द्रावाने पुसणं. ओली राख क्षारधर्मी असते, तेव्हा घरी पोचल्यावर ट्रायपॉडचे सांधे उघडून साध्या पाण्याने धुवा.

प्रकाश, एक्स्पोजर आणि रंग

शेंडे जळाल्यामुळे जंगलाला छत राहत नाही आणि दुपारचं ऊन थेट जमिनीवर आदळतं. डिसेंबरमध्ये सिडनीत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्या वेळी काढलेला फोटो क्वचितच वाचतो. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. धुकं मिळालं तर सोनं. मागची खोडं एकेक पायरीने फिकट होत जातात आणि गर्दीतून पुढचं झाड वेगळं दिसतं. ब्लू माउंटन्समध्ये पावसानंतर आणि थंडीत धुकं वरचेवर येतं, त्यासाठी हवामानाचा अंदाज बघून पहाटे निघणं सार्थकी लागतं. ब्लॅकहीथच्या गव्हेट्स लीपवरून ग्रोस दरी पूर्वेकडे दिसते. सकाळी सूर्य समोर असल्याने दरीतलं धुकं उजळतं, दुपार उतरल्यावर समोरच्या कड्यांवर सरळ प्रकाश पडतो आणि जळका-हिरवा पट्टा नीट वाचता येतो.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळ्याला राखाडी करायला बघतो. फ्रेममध्ये काळी खोडंच जास्त असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे १ करा. धुक्यात किंवा पांढऱ्या राखेवर उलट, अधिक दोन-तृतीयांशपासून सुरुवात करा. दोन्ही वेळी हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, बघा, डावीकडे थोडं चिकटलेलं चालेल, पण सालीतल्या भेगा दिसल्या पाहिजेत. एफ/८ ते एफ/११, आयएसओ १०० ते ४००, ट्रायपॉड आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. ऑटोफोकस काळ्या सपाट खोडावर भटकतो, म्हणून सालीची कड किंवा एखादा कोंब पकडून फोकस लॉक करा. बोडक्या फांद्यांमधून आभाळ पांढरं पडत असेल तर ते फ्रेमबाहेर ठेवा. कमी-जास्त उजेडाचे दोन फोटो जोडण्यापेक्षा कॅमेरा खाली झुकवणं बहुतेक वेळा जास्त प्रामाणिक असतं.

व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. या जंगलात कॅमेऱ्याला धरायला रंगच नसतो, आणि तो एका फ्रेममध्ये निळा, दुसऱ्यात पिवळा होतो. ५२०० ते ५५०० केल्विनवर एकदा ठेवा, एका फ्रेममध्ये रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड धरा, बाकी घरी जुळवता येईल.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी इतकंच. फोन आपोआप सावल्या उजळतो आणि कोळशाची राख करतो. खोडावर टॅप करून उजेडाची पट्टी खाली ओढा, 'सीन'सुधारणा बंद करा.

फ्रेम कशी लावायची

जळक्या जंगलात सगळीकडे उभ्या रेषा असतात, त्यामुळे डोळा कुठेच थांबत नाही. त्या मोडणारी एक गोष्ट शोधा. आडवा पडलेला ओंडका, तिरका उतार, खडकाचा थर, वाकलेलं एक झाड. पाच-सहा खोडं निवडा आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा मोजा, दोन खोडं एकमेकांवर चढत असतील तर पाऊलभर सरका. हे पाऊलभर सरकणं बाकी सगळ्या क्लृप्त्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

रंग एकच असू द्या. काळ्या-करड्या पसाऱ्यात हिरव्याचा एक ठिपका पुरतो. दहा ठिपके आले की कुठलाच बोलत नाही. कृष्णधवल फोटोचा मोह इथे फार होतो, पण मी रंगीतच ठेवायला सांगेन. जंगल जवळजवळ कृष्णधवल आहे हे रंगीत फोटोतच कळतं, आणि विटकरी माती, तांबडी पालवी, सोललेली केशरी साल हे सगळं रंगातच सांगता येतं. अपवाद धुक्याचा.

एकदा रुंद, एकदा मध्यम आणि एकदा हातभर अंतरावरून, असं प्रत्येक जागी काढा. हातभर अंतरावर काय बघायचं याचं उदाहरण म्हणजे तंतुमय सालीच्या झाडावर फुटलेला एक कोंब. कोळशाचा पापुद्रा उचकटून तो बाहेर आलेला असतो, त्या पापुद्र्याची कड अजून त्याच्या देठाला चिकटलेली असते आणि खालच्या भेगेतून आतली तांबूस जिवंत साल दिसते. रुंद फ्रेममध्ये हा फक्त हिरवा ठिपका असतो.

त्याच जागी पुन्हा

एकाच जागेवरून काढलेली मालिका या विषयाला सगळ्यात जास्त न्याय देते. त्यासाठी पहिल्या भेटीतच शिस्त हवी. पायवाटेवरची, पुढेही उघडी राहील अशी जागा निवडा. लुकआउटचा कठडा, खांब किंवा ठळक खडक चालतो. फ्रेममध्ये न बदलणारं काहीतरी ठेवा, म्हणजे क्षितिजाची रेषा, कडा किंवा मोठा दगड. जळकं झाड खूण म्हणून धरू नका, ते पुढच्या वेळी पडलेलं असू शकतं. वहीत जीपीएसचे आकडे, होकायंत्राची दिशा, लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंथ), कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, तारीख आणि वेळ लिहा. झूम ठरावीक आकड्यावरच वापरा, ३५ किंवा ५० मि.मी. पुढच्या वेळी आधीचा फोटो फोनवर उघडून कडा जुळवा.

पहिलं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, शक्यतो त्याच ऋतूत आणि ढगाळ प्रकाशात. ऊन-सावली बदलली की तुलना बिघडते. ज्यांना स्वतःची जागा निवडायची नाही त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियात काही उद्यानांत फ्लूकर पोस्ट आहेत. हा मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या संशोधकाने सुरू केलेला उपक्रम. खांबावर कॅमेरा ठेवायची जागा ठरलेली असते, कोणीही फोटो काढून पाठवायचा आणि त्यातून परिसरात होणारे बदल नोंदले जातात.

घरी आल्यावर

संगणकावर मोह दोन असतात, काळा आणखी काळा करायचा आणि हिरवा आणखी हिरवा. दोन्ही आवरा. करड्या कार्डावरून रंग जुळवा, सावल्या थोड्या उघडा, काळ्याचा बिंदू सालीचा पोत दिसेल तिथे थांबवा. हिरव्याचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी पिवळ्याची उजळता किंचित वाढवा, कोवळ्या पालवीचा रंग मुळात पिवळसरच असतो. नारिंगी छटा घालून आगीचा भास निर्माण करणं म्हणजे खोटी बातमी. मालिकेतल्या सगळ्या फोटोंना एकच संस्कार द्या, नाहीतर फरक जंगलातला की तुमच्या हातातला, हे कळणार नाही.

माणसं, प्राणी आणि फोटोखालच्या ओळी

जळालेल्या घराचा फोटो घरमालकाला विचारल्याशिवाय काढू नका, रस्त्यावरून दिसत असला तरी. गावातल्या दुकानातून चहा-पाव घ्या, तिथे कोणी बोललं तर ऐका, कॅमेरा खाली ठेवा. बिल्पिन, ब्लॅकहीथ, लिथगो या भागांत आग विझवणारे बरेच जण शेजारीपाजारीच होते, पगार न घेता उतरलेले.

जखमी प्राणी दिसला तर जवळ जाऊन फोटो काढू नका, त्याला पाणी पाजायचा प्रयत्नही नको. न्यू साउथ वेल्समध्ये 'वायर्स' या वन्यजीव बचाव संस्थेला १३०० ०९४ ७३७वर कळवा आणि जागा नेमकी सांगा.

हा प्रदेश दारुग आणि गुंडुंगुरा लोकांचा आहे. झुडपं जळाल्यावर खडकावरची कोरीव चित्रं, दगडी हत्यारं, साल काढल्याच्या खुणा असलेली जुनी झाडं उघडी पडतात. त्यांना हात लावू नका, उचलू नका आणि जागा जाहीर करू नका. उद्यानाच्या कार्यालयाला मात्र कळवा. दुर्मीळ ऑर्किडबाबतही हेच, फोटो टाकण्याआधी फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाका.

बाकीच्या फोटोंसोबत उलट करा, जितकी माहिती देता येईल तितकी द्या. कुठलं झाड, कुठली वाट, आग कधीची, फोटो कधीचा, आग शेंड्यातून गेली होती की खालून. २०१९-२० च्या आगींनंतर न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर लोकांकडून जळालेल्या भागातले फोटो गोळा केले, आणि त्या कामात तारीख आणि जागा नसलेल्या सुंदर फोटोपेक्षा मोबाइलवर काढलेला साधा, पण नोंद असलेला कोंबाचा फोटो जास्त उपयोगी पडतो. फाइलचं नाव ठेवताना जागा, आगीची तारीख आणि फोटोची तारीख याच क्रमाने ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फोल्डर उघडलं तरी मालिका आपोआप ओळीत लागलेली असेल.